गर्भाची ओळख आणि माणसाचा निर्णय

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि १८६० सालची जुनी दंडसंहिता इतिहासजमा झाली. नव्या संहितेच्या ८८ व्या कलमात गर्भपाताच्या गुन्ह्याला शिक्षा सांगितली आहे. स्त्रीचा जीव वाचविण्याच्या प्रामाणिक हेतूने केलेला नसेल, तर अशा गर्भपातास तीन वर्षांपर्यंत कारावास. मात्र पोटातील गर्भाची हालचाल स्त्रीला जाणवू लागल्यानंतर तो घडवून आणला असेल, तर सात वर्षांपर्यंत. जुन्या संहितेच्या ३१२ व्या कलमात हाच भेद होता. एकशे त्रेसष्ट वर्षांनी कायदा नव्याने लिहिला गेला, पण हा भेद जागचा हलला नाही.

तीन वर्षे आणि सात वर्षे यांच्यामधील ही रेषा आली कोठून? आजच्या गर्भविद्येत त्या दिवसाला काही विशेष स्थान नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर सातव्या-आठव्या आठवड्यातच गर्भ हलताना दिसतो. तो इतका लहान असतो की आईला त्याची चाहूल लागत नाही, एवढेच. पहिलटकरणीला ती बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास लागते. म्हणजे ही रेषा गर्भाच्या वाढीतील एखाद्या टप्प्यावर आखलेली नसून आईच्या अनुभवावर आखलेली आहे. गर्भाविषयी माणसाला जसजसे कळत गेले, तसतसा गर्भपाताविषयीचा त्याचा विचार कसा बदलला आणि कोठे बदललाच नाही, हे पाहावयाचे असेल तर या रेषेचा माग काढीत जाणे सोयीचे पडते. हा माग थेट ग्रीसपर्यंत जातो.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयी जे ग्रंथ रचले, त्यांत मानवी गर्भाचेही वर्णन येते. चाळीस दिवसांचा गर्भ पडला आणि तो थंड पाण्यात सोडला तर आवरणासह टिकून राहतो. त्याचा आकार मोठ्या जातीच्या मुंगीएवढा असतो आणि अवयव ओळखू येतात, असे त्यात म्हटले आहे. हे ऐकीव वर्णन वाटत नाही. कोणीतरी, बहुधा एखाद्या सुइणीने, पाण्याच्या भांड्यात तो गर्भ खरोखर पाहिलेला असावा. आजच्या मापाप्रमाणे त्या वयाचा गर्भ एक सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो, तेव्हा मुंगीची उपमा फारशी चुकलेली नाही. चुकले ते पुढचे. पुरुषगर्भ चाळिसाव्या दिवसाच्या आसपास हलू लागतो आणि स्त्रीगर्भ नव्वदाव्या, असा सिद्धान्त त्याने मांडला. त्याच ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील ग्रंथात असे लिहून ठेवले की, ज्या दांपत्याला ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक अपत्ये होऊ घातली असतील, त्याने गर्भात संवेदना व जीवन येण्यापूर्वी गर्भपात करावा. गर्भाविषयीचे ज्ञान आणि गर्भपाताविषयीचा नियम यांची गाठ येथे उघडपणे बांधली गेलेली दिसते. पाण्यातल्या त्या मुंगीएवढ्या आकृतीने पुढील दोन हजार वर्षे न्यायाधीशांच्या आणि धर्मपंडितांच्या मनावर राज्य केले.

ही कल्पना धर्मग्रंथात कशी शिरली, तो प्रकार मोठा मार्मिक आहे. ‘निर्गम’ या पुस्तकात, दोन माणसांच्या मारामारीत गर्भवती स्त्रीला धक्का लागून तिचे मूल बाहेर पडले तर काय करावे, याचा नियम आहे. मूळ हिब्रू पाठात प्रश्न आहे तो इजा झाली की नाही याचा. परंतु ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात ग्रीक भाषांतर होऊ लागले, तेव्हा ‘इजा’ गेली आणि तिच्या जागी गर्भाला आकार आला होता की नव्हता, हा प्रश्न आला. आकार नसेल तर दंड, असेल तर जिवाबद्दल जीव. भाषांतरकारांनी आपल्या काळची गर्भविद्या मजकुरात गुंफली होती. हे ग्रीक भाषांतरच प्रारंभीच्या ख्रिस्ती मंडळींच्या हाती होते. संत ऑगस्टीनने त्याच्या आधारे विचार केला आणि बाराव्या शतकात ग्रेशियनने धर्मनियमांचा जो संग्रह केला त्यातही आकार आलेला व न आलेला गर्भ हा भेद कायम राहिला. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण वादात दोन्ही पक्षांकडून यासंबंधी गफलत होते. गर्भपात हे पाप आहे, याविषयी चर्चचे मत कोणत्याही शतकात सैल नव्हते. भेद होता तो शिक्षेपुरता: कोणता गर्भपात मनुष्यवधात मोडतो आणि कोणता नाही. १५८८ साली पोप पाचवे सिक्स्टस यांनी हा भेद काढून टाकून सर्वच गर्भपातांना कठोर शासन सांगितले. तीन वर्षांनी चौदावे ग्रेगरी यांनी तो पुन्हा आणला.

आपल्याकडील वैद्यांनीही गर्भाचे महिने मोजले होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पहिल्या महिन्यातील कललापासून प्रारंभ करून महिन्यामहिन्याची वाढ सांगितली आहे. तिसऱ्या महिन्यात हात, पाय व मस्तक यांचे पाच उंचवटे फुटतात. चौथ्यात अवयव स्पष्ट होतात आणि हृदय व्यक्त झाल्यामुळे चैतन्यही व्यक्त होते. पाचव्यात मन, सहाव्यात बुद्धी. चौथ्या महिन्यापासून स्त्रीच्या देही दोन हृदये नांदतात, म्हणून तिच्या इच्छा या एकटीच्या राहत नाहीत. आपल्या घरोघरीचा ‘डोहाळे’ हा शब्द ज्या संस्कृत शब्दावरून आला, त्याचा संबंध परंपरेने या दोन हृदयांशीच जोडलेला आहे. चिंचा-बोरांची हौस पुरविताना आपण एका प्राचीन गर्भशास्त्राला मान देत आहोत, हे डोहाळेजेवण घालणाऱ्या कितीजणींना ठाऊक असते! मात्र धर्मशास्त्राने दोष ठरविताना या महिन्यांचा आधार घेतलेला दिसत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात, ज्याचे लिंग कळलेले नाही अशा गर्भाच्या नाशाला ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. टीकाकार हे ब्राह्मण गर्भापुरते मानतात. वसिष्ठ धर्मसूत्रात त्याचे कारणही आढळते: न ओळखलेला गर्भ पुरुषच धरावा. हे कारण ध्यानात ठेवावे. अडीच हजार वर्षांनंतर त्याचा फार वेगळा अर्थ होणार होता.

सतराव्या शतकात युरोपात या विषयाला वेग आला. विल्यम हार्वी हा इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा वैद्य. राजाने शिकार केलेल्या हरिणी तो फाडून पाहत असे. समागमाच्या हंगामानंतर कित्येक आठवडे त्याला गर्भाशयात काहीच सापडेना. हरिणीचा कोवळा गर्भ धाग्यासारखा बारीक असतो, तो नुसत्या डोळ्यांना ओळखू आला नाही. तरीही १६५१ सालच्या ग्रंथात प्रत्येक प्राणी अंड्यापासूनच होतो, असे त्याने प्रतिपादन केले. १६७७ मध्ये लेवेनहूकला सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू दिसले. १६९४ मध्ये हार्टसुकरने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्रच छापले. तो तेथे असावा, असे त्याचे अनुमान होते. अनेक विद्वानांनी ही कल्पना उचलून धरली. माणूस पहिल्यापासूनच सगळा तयार असेल, तर चाळीस दिवस थांबावयाचे कशासाठी? पुढे १७५९ साली कास्पर वोल्फ याने कोंबडीच्या अंड्यावरून दाखवून दिले की अवयव तयार असत नाहीत, ते क्रमाक्रमाने घडतात. १८२७ मध्ये फोन बेअर याला सस्तन प्राण्याचे बीजांड दिसले. आणि १८७० नंतरच्या दशकात ओस्कार हेर्टविग याने समुद्री अर्चिनच्या बीजांडात शुक्रजंतूचे केंद्रक जाऊन मिळताना पाहिले. गर्भधारणा ही आता गूढ राहिली नाही. तिला एक क्षण मिळाला.

सूक्ष्मदर्शकाने चर्चचे मत बदलले, असे पुष्कळदा सांगितले जाते. सनावळी मात्र तितकी सरळ नाही. पोप नववे पायस यांनी शिक्षेतील भेद कायमचा रद्द केला तो १८६९ साली, म्हणजे हेर्टविगच्या शोधाआधी. उलट लूव्हाँचा वैद्य फीनस याने १६२० मध्येच, आत्मा तिसऱ्या दिवसाच्या सुमारास येतो असे मत मांडले होते, आणि रोमचा झाक्किया हा त्याहीपुढे जाऊन गर्भधारणेच्या क्षणाचे नाव घेत होता. दोघांनीही शुक्रजंतू पाहिला नव्हता. चाळीस दिवसांवरचा विश्वास आधी ढळला आणि सूक्ष्मदर्शक मागाहून साक्षीला आला, असे म्हणणेच अधिक खरे ठरेल.

वैद्यकाने कायद्यावर जो खरा परिणाम केला, तो एका नळीच्या द्वारे. लेनेक याने १८१६ साली पॅरिसमध्ये स्टेथोस्कोप शोधून काढला. त्याचा सहकारी केर्गाराडेक याने, दिवस भरत आलेल्या एका स्त्रीच्या पोटाला ती नळी लावली. त्याला आतील पाण्याची खळखळ ऐकावयाची होती. ऐकू आले ते गर्भाचे हृदय. त्याने १८२१ च्या अखेरीस वैद्यक अकादमीपुढे हे निवेदन केले. तोपर्यंत पोटातील मूल जिवंत आहे की नाही, याची एकच साक्षीदार होती आणि ती म्हणजे स्वतः आई. आता डॉक्टर तिला न विचारता सांगू शकत होता. या बदलाचे महत्त्व जेवढे मानले जाते त्याहून मोठे आहे. इंग्लंडच्या १८०३ सालच्या कायद्यात हालचाल जाणवल्यानंतरच्या गर्भपाताला देहान्त शिक्षा होती आणि त्यापूर्वीच्या गर्भपाताला सौम्य. १८३७ साली हा भेद गेला. अमेरिकेत बोस्टनच्या होरेशो स्टोअरर या डॉक्टरने १८५७ पासून मोहीम उघडली. गर्भ पहिल्यापासून जिवंत असतो आणि हालचालीची जाणीव ही केवळ एक अवस्था आहे, हा त्याचा मुद्दा शास्त्रदृष्ट्या बिनतोड होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८५९ साली त्याला पाठिंबा दिला आणि शतक संपेपर्यंत जवळजवळ सर्व राज्यांत बंदी आली. सुइणी आणि वैदू यांच्या हातून हा व्यवसाय काढून घेण्याचा हेतूही त्या मोहिमेत मिसळलेला होता, हे नाकारता येत नाही.

इंग्लंडने १८३७ साली टाकून दिलेली रेषा १८६० साली हिंदुस्थानच्या दंडसंहितेत मात्र राहिली. मसुदा तयार करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाला या कलमाची निराळीच धास्ती वाटत होती: खोट्या फिर्यादी करून प्रतिष्ठित घराण्यांची अब्रू वेठीस धरण्यासाठी त्याचा उपयोग होईल. गर्भाच्या वयाची चिकित्सा बाजूलाच राहिली. आणि येथील समाजानेही ती कधी केली नाही. पोटातील जीव किती महिन्यांचा आहे, यापेक्षा त्या बाईला नवरा आहे की नाही, हाच प्रश्न विचारला जात होता. तरुण विधवेला दिवस गेले की झाडपाल्याची औषधे, नाहीतर विहीर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे अशा स्त्रीने गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे आणि वाटल्यास मूल ठेवून जावे. तेथे जन्मलेला एका विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला आणि पुढे तो डॉक्टर झाला. युरोपातील पंडित भिंगातून बीजांड पाहत असताना महाराष्ट्रात एका शिक्षक दांपत्याने भिंगाशिवायच त्या बाळांचे प्राण वाचविले.

विसाव्या शतकात गर्भ दिसू लागला आणि तोही सर्वांना. ३० एप्रिल १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात स्वीडनच्या लेनार्ट निल्सन यांची रंगीत छायाचित्रे प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर अठरा आठवड्यांचा गर्भ होता. अंधाऱ्या अवकाशात तरंगणारा, डोळे मिटलेला. लक्षावधी घरांत ते चित्र गेले. गर्भपाताच्या विरोधकांनी पुढे ते फलकांवर लावले. त्यातील बहुतेक गर्भ गर्भाशयाबाहेर काढलेले होते, म्हणजे जीवनाचे प्रतीक ठरलेली ती छायाचित्रे बहुतांशी मृतांची होती, ही गोष्ट साप्ताहिकाने लपविली नव्हती. पाहणाऱ्यांनीच ती लक्षात घेतली नाही. चित्रात आणखी एक गोष्ट नाही. ज्या स्त्रीच्या देहात गर्भ वाढतो, ती कोठेच दिसत नाही.

त्याच सुमारास ग्लासगोचे इयन डोनाल्ड ध्वनिलहरींवर काम करीत होते. बोटीच्या व बॉयलरच्या पत्र्यातील चिरा शोधण्याचे यंत्र त्यांनी स्त्रियांच्या पोटावर लावून पाहिले आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष छापला. सोनोग्राफीचा हा प्रारंभ. डोनाल्ड स्वतः गर्भपाताचे कट्टर विरोधक होते. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्याला त्यांनी विरोध केला आणि पडद्यावर हलणाऱ्या गर्भाची दृश्ये ते लोकांना आवर्जून दाखवीत. पाहिले की मन पालटेल, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु निल्सन यांची छायाचित्रे निघाल्यानंतर दोनच वर्षांत ब्रिटनने गर्भपाताला मोकळीक दिली, आणि १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही.

पाहिल्याने मन पालटते काय, हा प्रश्न पुढे मोजूनही पाहिला गेला. १९८३ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात केवळ दोन स्त्रियांच्या अनुभवावरून, सोनोग्राफीमुळे गर्भाशी नाते लवकर जुळते आणि गर्भपात कमी होतील, असा तर्क करण्यात आला. त्याचा आधार घेऊन अनेक राज्यांनी गर्भपातापूर्वी चित्र दाखविण्याचे कायदे केले. २०१४ साली लॉस एंजेलिसमधील १५,५७५ भेटींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वेच्छेने चित्र पाहणाऱ्या ४२.५ टक्के होत्या. चित्र पाहणाऱ्यांपैकी ९८.४ टक्के स्त्रियांनी आणि न पाहणाऱ्यांपैकी ९९ टक्के स्त्रियांनी गर्भपात करून घेतला. फरक पडला तो ज्यांचा निश्चय आधीच डळमळीत होता त्यांच्यात. या आकड्यांवरून दर्शनाला काहीच अर्थ नाही असे ठरत नाही. ते इतकेच सांगतात की दवाखान्याच्या दारापर्यंत आलेली बाई पडद्यावर जे पाहते, त्याच्या कितीतरी आधी तिने आपले घर, आपली मिळकत, आधीची मुले आणि तो पुरुष यांच्याकडे पाहिलेले असते. डोनाल्ड यांची श्रद्धा तोकडी पडली ती येथे.

भारतात गर्भपाताच्या कायद्याचा विचार सुरू झाला तो गर्भाच्या चित्रामुळे नव्हे, तर मरणाऱ्या स्त्रियांमुळे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचे मत, वीसपर्यंत दोघांचे. जुनी दंडसंहिता तशीच ठेवून तिला हा अपवाद जोडण्यात आला.

याच काळात गर्भजलाची परीक्षा येथे आली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९७५ च्या सुमारास ती जन्मजात दोष शोधण्यासाठी सुरू झाली. दोषांबरोबर लिंगही कळत होते, आणि लोकांनी नेमके तेवढेच ज्ञान उचलले. पाठोपाठ गावोगाव सोनोग्राफीची यंत्रे आली. ज्या यंत्रातून गर्भाचे रूप पाहून माणसाचे मन द्रवेल असे डोनाल्ड यांना वाटले होते, त्याच यंत्रापुढे येथील कुटुंबे मुलगी आहे एवढे ऐकण्यासाठी रांगा लावू लागली. महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा १९९४ साली आला. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती ८०७ वर आली. बेळगावच्या शेजारच्या कोल्हापुरात २००१ सालीच ती ८३९ होती. वसिष्ठाने न ओळखलेल्या गर्भाला पुरुष धरून संरक्षण दिले होते. ओळख पटताच निम्म्या गर्भांचे ते संरक्षण गेले. आज दवाखान्याच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी जी पाटी सक्तीने लावावी लागते, ती गर्भाला पुन्हा न ओळखलेला करण्यासाठी. ज्ञान झाकून ठेवण्याची आज्ञा करणारा असा कायदा क्वचितच पाहावयास मिळेल, आणि त्याची गरज होती याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

२०२१ साली आपल्या कायद्याची मुदत काही स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली, आणि गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या अनुमतीने त्याहीपुढे. गर्भातील कित्येक दोष अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांच्या तपासणीतच दिसतात. वीस आठवड्यांची जुनी मर्यादा त्यामुळे अडचणीची झाली होती. पाश्चात्त्य देशांत गर्भाचे चित्र ज्या रेषेला मागे ओढीत होते, ती येथे त्याच चित्राने पुढे सरकविली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक विवाहित स्त्री आली. तिला दोन मुले होती आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला मानसिक आजार जडला होता. तान्ह्या मुलाला पाजीत असल्यामुळे दिवस गेल्याचे तिला उशिरा कळले आणि सव्वीस आठवडे उलटून गेले. न्यायालयाने प्रथम परवानगी दिली. तेव्हा दिल्लीच्या त्याच आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी कळविले की गर्भ जिवंत जन्मण्याचा बराच संभव आहे. त्याचे हृदय आधी थांबवावयाचे की नाही, ते न्यायालयाने स्पष्ट सांगावे. दोन महिला न्यायाधीशांचे मत त्यावर दुभंगले. एकीच्या सद्सद्विवेकबुद्धीला ते मानवेना. दुसरीच्या मते स्त्रीचा निर्णय मानला पाहिजे होता. १६ ऑक्टोबर रोजी तीन न्यायाधीशांनी परवानगी नाकारली. गर्भात दोष नाही, आईच्या जिवाला तत्काळ धोका नाही आणि चोवीस आठवडे उलटले आहेत, ही कारणे दिली. बाळंतपणाचा खर्च सरकारने करावा आणि पुढे मूल दत्तक द्यावयाचे की नाही ते आईबापांनी ठरवावे, असा आदेश झाला.